मेरियाना आत्याच्या घरात कोणी जेवलं नाही

शुक्रवारी दुपारी रावीनिया आरो व्हॅलीतल्या घरी धुतलेले टॉवेल ठेवायला गेली, तेव्हा तिच्या डोक्यात भुताखेतांचं काही नव्हतं. डोक्यात होती ती कालवं. उद्या बंदरावर ताजी मिळतील का, आणि वारा असाच सुटला तर पाहुण्यांना केबल कारनं वर न्यावं की सरळ संग्रहालयात कोंबावं, एवढीच काय ती काळजी.

तामाती काकाचा हा नवा धंदा. खाण्याची आणि कलेची आवड असलेल्या जोडप्यांना वेलिंग्टनमध्ये दोन रात्री ठेवून घ्यायचं आणि खूश करून परत पाठवायचं. जाहिरातीत फोटो काकाचा, डोकं रावीनियाचं. कुठल्या गल्लीतली लाक्सा, म्हणजे नारळाच्या रश्शातल्या शेवया, खरी, कुठल्या बेकरीत रांग लागायच्या आत पोचायचं, कुठल्या गॅलरीत चित्रकार स्वतः गप्पा मारतो, हे सगळं तिनं पायांनी शोधलेलं. काका मात्र येईल त्याला सांगायचा, "कॉलेज अर्धवट टाकलं पोरीनं, पण खाण्यातलं कळतं हो तिला." आणि स्वतःच हसायचा. त्याच्या पिढीला असले विनोद पुरतात.

घर मेरियाना आत्याचं, काकाच्या थोरल्या बहिणीचं. पानगळीच्या दिवसांत ती गेली. दरी अरुंद, दुपार कलली की डोंगराची सावली छपरावर बसते आणि उठतच नाही. ओल भिंतींतून आत येते. तरी आत्या होती तोवर त्या घराला कायम उकडलेल्या बटाट्यांचा आणि पावाचा वास असायचा. चुलीवर काही नाही असं कधी नसायचंच. ओट्यावर बरणीत पाव आंबवायचं तिचं बटाट्याचं विरजण सदा फसफसत असायचं.

आता तिथं चूलच नव्हती. काकानं ती काढून तिथं कॉफीचं चकचकीत यंत्र बसवलं होतं. "जोडपी बाहेरच जेवणार ना! घरात कशाला फोडणीचे वास?"

आणि त्याआधीची गोष्ट त्याहून वाईट. काकाच्या घराण्यात, इथल्या मूळच्या सगळ्याच लोकांत, रीत अशी की, माणसाला माती दिली की सगळ्यांनी त्याच्या घरात यायचं. वडीलधाऱ्यानं खोलीखोलीतून प्रार्थना म्हणत फिरायचं, पाणी शिंपडायचं आणि मग तिथंच, त्याच घरात, सगळ्यांनी मिळून शिजवलेलं अन्न खायचं. त्या घासानं घर मेलेल्याकडून सुटतं आणि जिवंतांचं होतं. हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घराण्यात सगळ्यांत वडील ते हारावीरा आजोबा, त्यांनी प्रार्थना अगदी साग्रसंगीत म्हटली. पण आदल्याच दिवशी घरात नवा सायीच्या रंगाचा गालिचा अंथरला होता. म्हणून काकानं सगळ्यांना क्यूबा स्ट्रीटवर हॉटेलात नेलं.

"काका, जेवण घरातच व्हायला हवं," रावीनिया तेव्हा म्हणाली होती.

"तुझं कॉलेज पूर्ण झालं की मला रीत शिकव," काका म्हणाला. सगळे हसले. आजोबांनी मासा मागवला आणि मान खाली घालून खाल्ला. मान खाली घालायची कला या वडीलधाऱ्यांकडून शिकावी.

टॉवेल ठेवून ती निघाली, तर आत कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वाऱ्यानं असेल, असं म्हणत तिनं दार ओढलं.

पाहुणे ऑकलंडचे होते, फेनेला आणि कॉलम. पन्नाशीतलं जोडपं, एकमेकांच्या ताटात हात घालून खाणारं. रावीनियाला ती दोघं बघताक्षणी आवडली. सामान टाकून फेनेला तासभर पडली, आणि संध्याकाळी तिघं डम्पलिंग खायला बसली.

"अप्रतिम!" कॉलम म्हणाला. "फेन, हे बघ तरी..."

फेनेलानं एक तोंडात टाकलं, सावकाश चावलं. "यात मीठ नाही का गं?"

"आहे की. तुझी जीभ दमली असेल."

"असेल," ती म्हणाली आणि लाल तिखट चमच्यानं घेऊन नुसतंच खाल्लं. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही.

शनिवारी सकाळी बेकरीत तेच. दुपारी लाक्सा आली. कॉलमच्या वाडग्यातून वाफ उसळत होती. फेनेलाच्या वाडग्यातून येत नव्हती. एकाच पातेल्यातून, एकाच हातानं वाढलेली. रावीनियाच्या डोळ्यांदेखत त्या रश्शावर पांढरी साय धरली, गारठलेल्या चरबीची.

"रात्री झोप लागली ना नीट?" तिनं विचारलं.

"छान. घर फार प्रेमळ आहे तुमचं." फेनेला हसली. ओठ निळसर दिसत होते. "त्या बाई सारख्या विचारत असतात, बाकीचे कधी येणार म्हणून."

"कोणत्या बाई?"

"स्वयंपाकघरातल्या गं..."

कॉलमनं चमचा खाली ठेवला. "फेन, घरात आपण दोघंच आहोत."

चार वाजता त्याचा फोन आला. आवाज हळू, जणू शेजारच्या खोलीत कोणी निजलंय. "जरा ये. ती टेबलावरून उठत नाहीये... हात लावला तर बर्फासारखी लागते. अँब्युलन्सला फोन केलाय, पण... तू ये."

रावीनिया पोचली तेव्हा सावली छपरावर उतरली होती. आत पाऊल टाकताच ओल्या मातीचा वास नाकात शिरला, नुकत्या उकरलेल्या मातीचा. फेनेला टेबलाशी ताठ बसली होती. समोर रिकामी बशी, दोन्ही हात मांडीवर, पंगतीत वाढायची वाट बघणाऱ्या माणसासारखी.

"फेनेला, चला. बाहेर ऊन आहे थोडं."

"अशी कशी उठू? सगळे आले की वाढू म्हणाल्यात त्या..."

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकली. मग दुसरी. मग आणखी एक... सावकाश, एकामागून एक, खूप माणसं बसावीत तशी. त्या खोलीत खुर्च्या नव्हत्या. काकानं सोफा ठेवला होता.

कॉलमनं रावीनियाचं मनगट घट्ट धरलं. "ऐकलंस?"

तिनं फोन काढला. आवाज तापलेला होता.

"काका, आजोबांना घे आणि ताबडतोब घरी ये. येताना गरम जेवण आण. शिजवलेलं. काहीही."

"कशाला? आणि गालिचा..."

"गालिचा गेला खड्ड्यात! तुझी बहीण उपाशी बसलीये, आणि पाहुणीला शेजारी बसवून घेतलंय तिनं. येतोस, की माझ्या तोंडानं सगळ्या गावाला सांगू, तू काय केलंस ते?"

काका आजोबांना घेऊन आला. दारातच थबकला, कारण त्याच्या तोंडातून वाफ निघायला लागली होती. बाहेर तर निघत नव्हती. त्यानं रिकाम्या खोलीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पोरासारखा झाला.

"तिनं हाक मारली मला," तो पुटपुटला. "लहानपणीच्या नावानं..."

"मग ओ दे! हातात काय आहे?"

कोपऱ्यावरच्या दुकानातले तळलेले मासे आणि चिप्स होते, कागदात गुंडाळलेले. घाईत दुसरं काय मिळणार? रावीनियानं पुडकं सरळ गालिच्यावर उघडलं. तेल पसरलं. फेनेलाला कॉलमनं आणि तिनं मिळून उचलून आणलं. लाकडासारखी जड झाली होती बाई. हारावीरा आजोबा भिंतीला टेकून प्रार्थना म्हणू लागले. आवाज फाटत होता. मध्येच थांबून ते म्हणाले, "माझं चुकलं त्या दिवशी. भूक लागली होती मला."

"आता खा मग," रावीनिया म्हणाली.

सगळ्यांनी खाल्लं. काका रडत रडत चिप्स कोंबत होता, मिशीला मीठ लागलं होतं. रावीनियानं माशाचा तुकडा फेनेलाच्या ओठांशी धरला. तिनं तो नुसता तोंडात ठेवला... बाहेरच्या खोलीतले आवाज थांबले. कोणीतरी कान देऊन बसावं, तशी शांतता.

दुसरा घास दिला. फेनेलाचा गळा हलला. आणि तिनं तोंड वाकडं केलं.

"शी! केवढं खारट आहे हे!"

कॉलम खो खो हसत सुटला, मग हुंदके द्यायला लागला, आणि पुन्हा हसला. फेनेलानं दुसरी चिप उचलली, तिसरी उचलली. गालांवर रंग चढला. मातीचा वास कधी गेला कळलंच नाही. घरभर तळणीचा वास दरवळत होता, चारचौघांच्या घरात असतो तसा. अँब्युलन्सवाली पोरगी आली, तिनं नाडी बघितली, साखर कमी झाली असेल म्हणाली आणि जाता जाता दोन चिप्स उचलून गेली. काकानं तेलाच्या डागावर स्वतःच फतकल मारली. "राहू दे तो तसाच," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा रावीनियाला त्याचा राग आला नाही.

चूल परत बसली. पुढची जोडपी आली, घरात पहिली न्याहारी करून मगच गावात हिंडली, टुणटुणीत परत गेली. रावीनियाला शांत झोप लागू लागली.

आणि मग एके दिवशी ऑकलंडहून फेनेलाचा फोन आला. आवाज खणखणीत. म्हणाली, "तुझे आभार मानायचे राहिलेच. सामानात विरजण ठेवलंस ना? बटाट्याचं, पावासाठीचं. काय पाव होतो गं! रोज त्याला पीठ-साखर घालते, तू सांगितल्यासारखं."

रावीनियानं काही ठेवलं नव्हतं. काही सांगितलंही नव्हतं. आत्याची ती विरजणाची बरणी तर, आत्याला माती दिली त्याच दिवशी काकानं मोरीत ओतली होती, आणि रिकामी बरणी रावीनियानं स्वतः घासली होती.

"हल्ली भूक फार वाढलीये त्याची," फेनेला हसत म्हणाली. "दिवसातून दोनदा मागतं. परवा एकदा घालायचं विसरले, तर काय गंमत... रात्री कॉलमला जेवणात मीठच लागेना."