बॉयलरवाल्याचा कोट

लाइट येईपर्यंत ऐका. कोणी हसलं तर मी उठून जाईन. माझ्या शेजारच्या मागावर वीस वर्षं बसलेल्या विणकराची ही गोष्ट आहे.

त्या मंगळवारी रात्री सव्वाअकराला तो एकटाच कारखान्यात आला. काम साधं होतं. मागावरचं उरलेलं विणायचं, कापून घ्यायचं आणि सकाळी पाठवायचं. बॉयलरवर काम करणाऱ्यांच्या कोटांचं कापड ते. ते निखळ सुतीच लागतं. जाळ लागला तर सुताची राख होते, पॉलिस्टर मात्र वितळून अंगाला चिकटतं. म्हणून कापड घेताना एक धागा ओढून पेटत्या काडीवर धरतात. मऊ राख झाली तर सूत, टोकाला कडक मणी झाला तर भेसळ.

विणकराच्या बहिणीचा नवरा पूर्वी अशाच एका बॉयलरवर कामाला होता. कापड तोच तपासून घ्यायचा, पण मेहुण्याच्या कापडाला त्याने कधी काडी लावली नाही. म्हणायचा, घरच्या माणसाची काय परीक्षा बघायची?

आणि घरच्याच माणसाने त्याचा घात केला. एकदा सूत सारखं तुटत होतं, ऑर्डर रखडली होती. याने आडव्या धाग्यात गुपचूप पॉलिस्टर घातलं. काम भराभर उरकलं. महिन्याभरात भट्टीचा जाळ बाहेर आला... कोट अंगाला चिकटला. भाऊजी गेले. बहीण याच्याच गळ्यात पडून रडली. याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंड काही उघडलं नाही.

तेव्हापासून त्याने पॉलिस्टरला हात लावला नव्हता. त्या रात्रीचं कापडही सुतीच होतं.

विणून झालं. त्याने माग बंद केला. कात्री उचलली.

मागे कोणीतरी काडी ओढली.

तो वळला नाही. पाठीला ऊब लागली. मग वास आला. प्लास्टिक वितळल्याचा...

"भाऊजी?"



मग अगदी कानाशी, दमलेला आवाज. "तुझ्या कापडाला मी काडी लावली नव्हती रे."

तो वळला. कोणी नव्हतं. कापडावर एक धागा ओढून ठेवलेला. टोकाला काळा, कडक मणी.

पहाटे त्याने तो धागा बहिणीच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तिने बाहेर कुठे वाच्यता केली नाही. पण त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं, ते आजतागायत.

मला हे त्यानेच सांगितलं. धागा तिच्याकडेच आहे. तिच्याकडून तो मागून घेऊन त्याच्या दुसऱ्या टोकाला मी स्वतः काडी लावून पाहिली.

मऊ राख झाली.