टिल्लूचा डावा कान

दुपारचा डबा खाऊन ती परत आली, तेव्हा कानाच्या दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत कोणीतरी बसलं होतं.

खोली कसली, मोठं कपाटच ते. जाड दार, भिंतींना करडा स्पंज, मधोमध एक खुर्ची. दार लावलं की बाहेरचं जग पुसल्यासारखं व्हायचं. कान तपासायला आलेली माणसं तिथे दोन मिनिटांत कासावीस होत. हा मात्र टोपी मांडीवर ठेवून, पाय लांब पसरून, डोळे मिटून बसला होता.

"तुमचा नंबर अजून आलेला नाही," ती दारातूनच म्हणाली.

"पाच मिनिटं द्याल? दार लावून?" त्याने डोळे उघडले नाहीत.

"ही झोपायची जागा नाही."

"झोपत नाहीये. ऐकतोय."

"इथे ऐकण्यासारखं काहीच नसतं."

"असं तुम्हाला वाटतं..." तो म्हणाला आणि वळून तिच्याकडे बघून हसला.

ते हसू तिला माहीत होतं. ते सगळ्यांनाच माहीत होतं. समोरच्या बसस्टॉपवर ते हसू दोन माणसांच्या उंचीचं करून लावलेलं होतं. सहा वर्षांचा असताना टीव्हीवरच्या मुलांच्या स्पर्धेत तो पहिल्यांदा गायला, तेव्हा माइकपर्यंत पोचेना म्हणून त्याला लाकडी खोक्यावर उभं केलं होतं. त्याच दिवशी घराघरांत त्याचं नाव पडलं - टिल्लू. आता तो अठ्ठावीस वर्षांचा होता, सहा फुटांचा होता, त्याची गाणी रिक्षापासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळीकडे वाजत होती. पण टिल्लू काही त्याला सोडत नव्हता.

त्या स्पर्धेच्या वेळी ती पाच वर्षांची होती, आणि मलाही तसंच खोकं हवं म्हणून तिने दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. पण हे आत्ता सांगण्यासारखं नव्हतं. तिने फॉर्म पुढे केला.

"नाव लिहा."

"तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"माहीत आहे. पण फॉर्मला माहीत नाही."

तो मनापासून हसला आणि त्याने लिहून दिलं. खरं नाव अगदी साधं होतं, शाळेच्या हजेरीपटावर शोभेल असं.

त्याला कानाचे साचे द्यायचे होते. स्टेजवर गाताना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून गायक जे छोटे इयरफोन घालतात, ते त्याच्या कानाच्या मापाचे करून हवे होते. महिन्याभरात चाळीस शहरांचा दौरा सुरू होणार होता. पण तिच्याकडे नियम होता: आधी तपासणी, मग साचे.

तिने दार लावलं आणि काचेपलीकडे मशीनपाशी बसली. आवाज आला की त्याने हातातलं बटण दाबायचं आणि मशीनवर दिवा लागायचा, एवढंच काम. तिने आवाज बारीक करत नेला. त्याने बटण दाबलं. आणखी बारीक केला. दाबलं. मशीनच्या शेवटच्या खुणेवर आली, जिथे तिलाही काही ऐकू येत नसे... तिथेही दिवा लागला. पाच वर्षं ती कान तपासत होती. असा कान तिने पाहिला नव्हता.

मग डाव्या कानाला एका ठिकाणी दिवा लागेना. तिने आवाज वाढवला. आणखी वाढवला. शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू यावा इतका वाढवला, तेव्हा कुठे बटण दाबलं गेलं. तिने तीनदा पुन्हा करून पाहिलं. आलेखावर सरळ चाललेली रेघ एका जागी खड्ड्यात पडावी तशी कोसळली होती.

आलेख घेऊन ती आत गेली, तर तोच आधी बोलला. "डावा ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"दोन वर्षांपासून शिट्टी वाजते त्यात. चोवीस तास. बाहेर गलबला असला की लपून बसते. या खोलीत एकदम स्वच्छ ऐकू आली, म्हणून तिचा सूर लावून बघत होतो."

"सूर?"

"पियानोची अगदी उजवीकडची शेवटची पट्टी असते ना, तिच्या शेजारचा नी. पण किंचित चढा." तो हवापाणी सांगावं तसं सांगत होता.

ती बाहेर गेली आणि खड्ड्याच्या बरोबर तळाशी जो आवाज होता, तो तिने त्याच्या उजव्या कानात सोडला. काचेपलीकडे त्याने मान वर केली.

"हीच," मशीनच्या स्पीकरमधून त्याचा आवाज आला. "हीच ती."

तिचा हात बटणावरच राहिला. दोन वर्षं जे दुखणं कानात घेऊन हा माणूस फिरत होता, ते त्याने केसभरही न चुकता जागेवर लावून ठेवलं होतं.

"आईला माहीत नाही," ती परत आत आल्यावर तो हळूच म्हणाला. आई म्हणजे त्याची आई, जी पहिल्या दिवसापासून त्याचं सगळं काम बघत होती. "तुम्ही कुणाला सांगाल?"

"नाही. ते तुमचं तुम्ही सांगायचं. पण तुमच्याशी मी खोटं बोलणार नाही. गेलंय ते परत येणार नाही. आहे ते राखता येईल... असंच चालू ठेवलंत तर तेही राहणार नाही."

त्याने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. "साचे कधी घेताय?"

"गुरुवारी."

गुरुवार यायला त्या आठवड्यात नेहमीपेक्षा जास्त दिवस लागले, असं तिला उगीचच वाटलं.

गायकाचे साचे घेताना त्याचं तोंड उघडं असावं लागतं, कारण जबडा हलला की कानाचा आकार बदलतो. तिने त्याच्या दातांमध्ये रबराचा ठोकळा दिला, कानात दोरा बांधलेला कापूस बसवला आणि पिचकारीने गुलाबी लगदा भरला. लगदा घट्ट व्हायला पाच मिनिटं. देशातला सगळ्यात लाडका आवाज तोंडात ठोकळा धरून, दोन्ही कान बुजवून, आ वासून बसला होता. तिला हसू आवरेना.

त्याने हातानेच कागद-पेन मागितलं आणि लिहिलं: हसा. पाच मिनिटं मी काही करू शकत नाही.

"तुम्हाला ऐकू येत नाहीये, म्हणून बरं आहे," ती म्हणाली.

ओठ वाचता येतात, त्याने लिहिलं. मग खाली: बाहेर सगळे तुम्हाला 'ताई' म्हणतात.

म्हातारे पेशंट तिला 'कानवाल्या ताई' म्हणत, हे खरं होतं. तिने पेन घेतलं. तुम्हीही म्हणा.

नाही म्हणणार.

का?

त्याने बराच वेळ विचार केल्यासारखं केलं आणि लिहिलं: महागात पडेल.

ती एकदम घड्याळाकडे वळली. अजून तीन मिनिटं होती. काहीतरी विचारायचं म्हणून तिने लिहिलं: तेराव्या वर्षी काय झालं होतं? मधली चार वर्षं तो कुठेच दिसला नव्हता, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. का, ते कुणालाच नाही.

या वेळी तो भराभर लिहीत गेला. थेट प्रक्षेपण होतं. दुसऱ्या कडव्यात आवाज फुटला. समोरचे लोक हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. दुसऱ्या दिवशी उठलो तर घशात कुणी दुसराच माणूस राहायला आलेला. त्याला काहीच येत नव्हतं. मग रोज पहाटे उठून त्याला एक एक सूर शिकवला. पहिलं वर्षभर फक्त सा.

वर्षभर फक्त सा? तिने विचारलं.

घशातला तो माणूस सा म्हणायचा, पण त्याला तो पटत नव्हता.

तिने तो कागद दोनदा वाचला. आजवर तिला वाटायचं, या माणसाला देवाने उचलून दिलंय. त्या लाकडी खोक्यासाठी रडताना तर तसंच वाटलं होतं. आणि इथे तिच्यासमोर, आ वासून, एक असा माणूस बसला होता ज्याचं सगळं एकदा काढून घेतलं गेलं होतं, आणि त्याने सा पासून परत उभं केलं होतं.

लगदा घट्ट झाला. तिने त्याच्या दातांमधला ठोकळा काढला आणि दोऱ्याला धरून साचा अलगद बाहेर काढला. त्याच्या कानाची इवलीशी गुलाबी प्रत तिच्या तळहातावर होती. दोघंही त्या साच्याकडे बघत राहिले.

"दुखलं?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला. "म्हणजे... साच्याने नाही."

पुढच्या सोमवारी तो आईला घेऊन आला. बारीक चणीच्या बाई, हातात दौऱ्याच्या कागदांची जाड वही. त्यांनी आलेख पाहिला आणि परत सरकवला.

"मशीन जुनं असेल. माझ्या मुलाचा कान सगळा देश जाणतो."

"कान उत्तमच आहे, काकू," ती म्हणाली. "मी इतका चांगला कान आजवर पाहिलेला नाही. म्हणूनच सांगते. लहानपणी तो स्टेजवर कुठे उभा राहायचा?"

बाईंचं बोट वहीच्या कडेवरून फिरत राहिलं.

"डावीकडच्या मोठ्या स्पीकरसमोर," शेवटी त्या म्हणाल्या. "मीच उभं करायचे. तिथे चेहऱ्यावर उजेड चांगला पडायचा." आणि मग मुलाकडे न बघता, "तू तेव्हा काही बोलला का नाहीस रे?"

"सहा वर्षांचा होतो, आई. मला वाटायचं, गाणं असंच असतं. मोठ्ठं."

त्याने खुर्ची आईजवळ ओढली. आईने वही उघडली, पेन काढलं आणि चाळीस शहरांच्या यादीवर एकामागून एक रेघा मारायला सुरुवात केली. बारा उरली. "मधे चार-चार दिवस कानाला विश्रांती," त्या तिच्याकडे वळून म्हणाल्या. "आणि स्पीकर किती लांब ठेवायचे ते तू सांग, बाळा. मी लिहून घेते."

ती सांगत गेली, बाई लिहीत गेल्या. तो मात्र लिहिणाऱ्या आईकडे न बघता सांगणारीकडेच बघत होता, आणि तिचे आकडे दोनदा चुकले.

नवे इयरफोन नीट बसतात का, हे बघायला ती तालमीला गेली. सकाळचे अकरा वाजले होते. तीन हजार खुर्च्यांचं सभागृह रिकामं होतं. वर शिडीवर दिवेवाले, खाली वायरी गुंडाळणारी माणसं, कोपऱ्यात चहाचे कागदी पेले. कुणीतरी हातोडा मारत होतं. ती पंधराव्या रांगेत आवाज मोजायचं यंत्र मांडीवर घेऊन बसली.

तो स्टेजच्या मधोमध आला. वाद्यं बंदच होती. त्याने कानात इयरफोन बसवले, आधी उजवा, मग डावा, आणि एकच सूर धरला.

हळू. अगदी हळू. यंत्राचा काटा जेमतेम हलला. पण तो सूर रिकाम्या खुर्च्यांवरून पसरत तिच्यापर्यंत आला, आणि तिला वाटलं, हा आपल्याला ऐकू येत नाहीये, हा आपल्या आत कुठेतरी आधीपासूनच होता, त्याने फक्त त्याच्यावरचं झाकण काढलं. हातोडा थांबला. शिडीवरचा माणूस वरच्या पायरीवर बसून राहिला. वायरी गुंडाळणारे हात तसेच थबकले. ही माणसं रोज गाणी ऐकणारी होती, तरी कुणी हललं नाही.

मग त्या सुरातून गाणं निघालं. साधंच, गल्लोगल्ली वाजणारं. तिने ते शंभरदा ऐकलं होतं. आणि तरीही तिने यंत्र बाजूच्या खुर्चीवर ठेवून दिलं, कारण मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गाणं संपल्यावर तो खाली उतरून तिच्या रांगेत आला. "कसे बसलेत?"

तिचे डोळे भरून आले होते.

"अरे," तो घाबरला. "फार मोठा होता का?"

"नाही," ती म्हणाली. "बरोबर होता."

तो एक खुर्ची सोडून बसला. मधल्या खुर्चीवर यंत्र होतं. दोघंही रिकाम्या स्टेजकडे बघत राहिले. तिला कळून चुकलं होतं की गाण्याने डोळे भरले ते ठीक. पण गाणं संपून बराच वेळ झाला होता.

मंगळवारी तो शेवटच्या तपासणीला आला. दौरा दोन दिवसांवर होता. तिने त्याच्यापुढे त्याच्या आलेखांच्या प्रतींचं पाकीट ठेवलं.

"तुमची फाइल मी मोठ्या बाईंकडे दिली आहे. यापुढे तुमचे कान त्या बघतील." मोठ्या बाई म्हणजे तिच्या वरिष्ठ, ज्यांचा दवाखाना होता.

त्याचा चेहरा पडला. "माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग? त्या दिवशी कागदावर मी जे लिहिलं, त्याने तुम्हाला... मी चेष्टेत... म्हणजे, चेष्टेत नव्हतं, पण..."

"आमच्याकडे नियम आहे," ती म्हणाली. तिचे कान तापले होते, आणि ते त्याला दिसत असणार हेही तिला माहीत होतं. "आपल्या पेशंटबरोबर चहाला जाता येत नाही."

"पण मी तर तुम्हाला चहाला विचारलं नव्हतं."

"हो ना. मीच विचारतेय."

सहाव्या वर्षापासून हजारोंच्या गर्दीसमोर उभ्या राहणाऱ्या त्या माणसाने पाकीट उचललं, उलटं धरलं, सुलटं केलं. खिडकीबाहेर हलका पाऊस पडत होता. मोठ्या बाईंनी शेजारच्या खोलीतून कुणाला तरी हाक मारली.

"तू..." तो म्हणाला, आणि त्या एका अक्षरावर थांबला, खालच्या सा वर थांबावं तसा, नीट, पटेपर्यंत. "तू साखर किती घेतेस?"

"एक चमचा," ती म्हणाली, आणि कोट खुंटीला अडकवून त्याच्याबरोबर जिना उतरू लागली.