थोपटठसा

अठरा बाळं गाढ झोपली होती आणि त्या खोलीत एकही माणूस नव्हतं.

ईश्वरी भुयार काचेला नाक लावून उभी होती. कडेवर दोन वर्षांची जुई. चैत्रबन बालरुग्णालयाच्या नव्या अतिदक्षता कक्षाचं आज उद्घाटन होतं आणि ईश्वरीला खास आमंत्रण होतं. काचेपलीकडे पाळण्यांच्या तीन रांगा, वर हिरवे आकडे, आणि प्रत्येक बाळाखाली दुधाळ रंगाची जाडसर गादी. ती गादी हलत होती. बाळाच्या पाठीशी तळव्याएवढा फुगवटा यायचा, अलगद दाबायचा, ओसरायचा.

ईश्वरी मात्र खुर्च्या शोधत होती. दर पाळण्याशेजारी एक खुर्ची हवी, एवढ्यासाठी तर तिने दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं.

जुई जन्मली तीच हृदयाला छिद्र घेऊन. एक्केचाळीस दिवस ती याच रुग्णालयात होती. तेव्हाचा नियम असा की आईने दिवसातून दोनदा आत जायचं, दहा-दहा मिनिटं. उरलेला दिवस आया जिन्यात बसायच्या, ओल्या टाक्यांनिशी. पदराआड दूध वाटीत काढायच्या आणि ती वाटी कुणाच्या तरी हाती आत पाठवायच्या. बाप गाडीतळावर चटया टाकून पडलेले. त्या जिन्यातच ‘आई आत’ चळवळ सुरू झाली. मागण्या साध्याच होत्या. पाळण्याशेजारी खुर्ची, आईबापांना राहायला एक खोली, आणि पेजेचं पातेलं चढवता येईल अशी एक शेगडी.

संशोधक डॉ. अनघा पाटणकर तिथेच भेटल्या. जिन्यात तिच्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “सरकारला रडणं कळत नाही गं, आकडे कळतात. तुझा हात दे मला.”

त्यांनी तिला समजेल असं सांगितलं होतं. पोटात असताना बाळ आईच्या ठोक्यांच्या सोबतीने जगतं. अवेळी आलेल्या किंवा दुबळ्या हृदयाच्या बाळाची ती सोबत एकदम सुटते, मग श्वास घ्यायचा असतो हेच ते मधेच विसरतं. थोपटणारा हात त्याला ती आठवण करून देतो. आणि हे थोपटणं सहीसारखं असतं, प्रत्येकाचं वेगळं. दाब किती, विसावा किती, हात कुठे रेंगाळतो, हे सगळं मोजता येतं, साठवता येतं. या नोंदीला त्यांनी नाव दिलं, थोपटठसा.

दाब मोजणारा पातळ हातमोजा घालून ईश्वरी आपल्या त्या वीस मिनिटांत लेकीला थोपटत राहिली. एरवी जुईचा श्वास दिवसातून अकरा वेळा थांबायचा. अनघाताईंनी तो ठसा एका छोट्या उशीतून दिवसभर चालवून पाहिला, तर तीनदाच थांबला. हेच आकडे घेऊन ईश्वरी आरोग्य समितीपुढे उभी राहिली, लेक कडेवर घेऊन. समितीने नव्या कक्षाची मागणी मान्य केली तेव्हा जिन्यातल्या सगळ्या आयांना तिने स्वतःच्या हाताने पेढे भरवले होते.

“आई हात,” जुई म्हणाली.

“काय गं?”

जुईने काचेवर बोट टेकवलं. “आई हात. तितं.”

ईश्वरीने गादीकडे नीट पाहिलं. दोन हलके, एक जड, आणि मग जराशी खाली घसरण. लहानपणी सायकलवरून पडून तिचं मनगट वाकडं जुळलं होतं, म्हणून तिसऱ्या थापेला तिचा हात घसरायचा. तिच्या नवऱ्याचा नाही घसरायचा, तिच्या आईचाही नाही. पहिला पाळणा, दुसरा, सातवा, सगळीकडे तेच.

“ओळखलंस ना?” मागून अनघाताईंचा आवाज आला. चेहरा उजळलेला.

“अठराही बाळांना माझाच?”

“दोनशे आयांचे ठसे तपासले, ईश्वरी. भीतीने हात थरथरतो आणि ती थरथर बाळाला लगेच कळते. तुझा ठसा सगळ्यांना चालला.”

“मीही घाबरलेलेच होते की, ताई.”

“हो. ती थरथर आम्ही काढून टाकली.”

“आणि खुर्च्या?”

अनघाताईंनी चष्मा काढून पुसला. “समितीने मला सरळ विचारलं, फरक आईमुळे पडतो की लयीमुळे? मी खोटं कसं बोलू? आई आत आली की बाळाचे ठोके उलट वाढतात. मग ते म्हणाले, खुर्च्या कशाला, खोली तरी कशाला? खोलीत आता गाद्यांची यंत्रं आहेत. भेटीची दहा मिनिटंही त्यांनी बंद केली.”

“तुम्ही गप्प बसलात?”

“बाळं जगतायत गं. तुला तेच हवं होतं ना?”

“जुईच्या बारशाला आत्याचा मान तुम्हाला दिला होता मी,” ईश्वरी म्हणाली. आवाज चढवायचा होता, पण जुई खांद्यावर डोकं टेकून पेंगत होती. “तिच्या कानात नाव तुम्ही सांगितलंत. आणि मला काय सांगितलंत? हात दे, म्हणजे आयांना आत घेतील. माझाच हात पुढे करून सगळ्यांना बाहेर काढलंत.”

अनघाताईंनी एक कागद आणून दिला. “ठसा कायद्याने तुझा आहे. यावर सही केलीस की आज पुसला जाईल. पण दुसरा बसवायला सहा आठवडे लागतील. तोवर या अठरांतली...”

“किती?”

“तीन. कदाचित चार.”

कागद घेऊन ईश्वरी बाहेरच्या बाकावर बसली. जुईला मांडीवर आडवी घेतली.

“ईश्वरीताई नं तुमी?”

समोर कोमल इंगळे उभी होती. आपल्या भागातल्या पाच गावांत फिरून चळवळीसाठी चारशे सह्या गोळा करणारी कोमल. तेव्हा ती पोटुशी होती, आणि ‘माह्या लेकराच्या टायमाले खुर्ची असन’ म्हणून सगळ्यांना हसवायची. आता हातात कापडी पिशवी होती. पिशवीतून विणलेलं पिवळं टोपडं डोकावत होतं.

“गाद्यायची चाचणी चालू असतानाच गेला माहा पोरगा. आठ दिवस झाले,” ती म्हणाली. “दाखला न्यायले आली. सिस्टर म्हणे, रडला नाई, निजल्यानिजल्या गेला. गादी थोपटत होती म्हणे. मले तं त्यायनं काचेपाशीही थांबू नाई देल्लं.”

ईश्वरीला वाटलं, गप्प बसावं. पण मांडीवर लेक होती, आणि समोर ते टोपडं.

“कोमल, त्या गादीतला हात माझा आहे.”

तिने सगळं सांगितलं. कोमल उभ्याउभ्या ऐकत राहिली. मग कागदाकडे पाहून म्हणाली, “ह्याच्यावर सही केली का बंद होते?”

“हो. पण आत अठरा बाळं आहेत गं.”

“एकोणीस होते.”

कोमल ईश्वरीकडे पाठ करून बाकाच्या कडेला बसली, पिशवी पोटाशी धरून.

“थोपटा मले.”

“कोमल...”

“त्याच्या आंगाले शेवटी काय लागलं, ते मले समजू द्या. माहा हात तं त्याले ठाऊकच नव्हता.”

ईश्वरीने तिच्या पाठीवर हात ठेवला. दोन हलके, एक जड, जराशी घसरण. कोमलचं अंग आधी लाकडासारखं ताठ होतं. मग खांदे उतरले. श्वास लांबला, थापांच्या मागोमाग जाऊ लागला. पिशवीवरची बोटं सैल झाली, मान कलली. आणि एकदम ती चटका बसल्यासारखी उठली.

“नका! थांबवा!” तिने पिशवी पुन्हा पोटाशी धरली. “माहा राग जाऊन रायला, ताई. माह्यापाशी आता तेवढाच उरला. तो तं राहू द्या!”

ईश्वरीने हात मागे घेतला. तिच्या मांडीवर जुई झोपली होती, शेजारी सही न झालेला कागद, आणि काचेपलीकडे ती अठरा.