बकस्किनच्या बंद फाटकापलीकडे

आधीच सांगून ठेवतो मंडळी, यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. माझाच बसत नाही, तर तुमचा काय बसणार! पण शेरीफ नडीनबाईंनी भर कॅफेत विचारलंय, की आपला डेप्युटी रॉयस हॅडलॉक घोटा मोडलेला असताना बकस्किन डोंगरावरून खाली आला कसा? तो स्वतः तोंड उघडायला तयार नाही. बघा, बसलाय खिडकीशी, प्लास्टरातला पाय खुर्चीवर टाकून, शून्यात नजर लावून. तेव्हा बर्फ लोटणारी गाडी चालवणारा मी वेंडेल, मीच सांगतो. कॉफी भरून घ्या.

रॉयस त्या दिवशी डोंगरावर चढला तो एका म्हाताऱ्याला शोधायला. म्हातारा म्हणजे आपले बेन्यात इरिगोयेन, वय वर्षं ब्याऐंशी, तेही इथेच कोपऱ्यात बसलेत. आयुष्य मेंढरांमागे गेलं, आता चाळीस मैलांवर एकटेच राहतात. महिन्यापूर्वी त्यांनी पिकअप मागे घेताना पोस्टाचा झेंड्याचा खांब आडवा केला, हे सगळ्या काउंटीला माहीत आहे. त्यावरून बाईंनी कागद काढला: यांचा गाडीचा परवाना रद्द करावा. कागद पोहोचवायचं काम रॉयसचं. दुसरा कोणी डेप्युटी असता तर पाच मिनिटांत दारात देऊन मोकळा झाला असता. रॉयसने तो गाडीच्या खणात टाकला. गाडी गेली की घर गेलं, घर गेलं की शहरातला वृद्धाश्रम, हे त्याला दिसत होतं. उद्या देऊ, म्हणाला. असे नऊ उद्या गेले! हे त्याने बाईंजवळ कबूल केलंय, म्हणून मी बोलतोय. तो कागद आत्ता बाईंच्या कपाखालीच आहे, आणि त्याचं काय करायचं ते त्या आज ठरवणार आहेत.

तर दहाव्या दिवशी सकाळी रॉयस गस्तीवर होता. दोन हजार चौरस मैल आणि गस्तीला एकटा माणूस. मदत मागवली तर ती यायला दीड तास, तोही रस्ता कोरडा असेल तर. आभाळ शिशासारखं खाली उतरलं होतं आणि रानगवताचा वास थांबला होता. असा वास थांबला की तीन तासांत बर्फ, हे इथल्या गायींनाही कळतं. बकस्किनच्या वळणावर रॉयसने करकचून ब्रेक दाबला.

फाटक उघडं होतं!

तारेचं फाटक. खांबाला खांदा लावून ओढायचं, वरचं कडं काठीत अडकवायचं, बोटं सोलून घ्यायची. आपल्याकडे माणूस एक वेळ घरचं दार उघडं टाकेल, पण फाटक जसं सापडलं तसंच ठेवेल. हे फाटक तर कायम बंद. आणि चिखलात उमटले होते बेन्यातकाकांच्या पिकअपचे टायर, एक गुळगुळीत, तीन नवे.

रॉयसने टायरच्या खुणांमागे वर नजर टाकली. साठ वर्षं मेंढरं राखलेला माणूस फाटक उघडं टाकून जातो, म्हणजे काहीतरी बिनसलंय. आणि त्या माणसाच्या हातात गाडी कशामुळे राहिली, तर आपल्या खणात पडून राहिलेल्या कागदामुळे!

"लव्हॉन, मी बकस्किनच्या बाजूला जातोय," त्याने रेडिओवर सांगितलं.

"बर्फ येतंय रे, रॉयस," कचेरीतून लव्हॉन म्हणाली. "वरच्या खोलगटात तुझा आवाज पोहोचत नाही. मग मला उगाच तुझ्या बायकोशी बोलत बसावं लागतं."

तो हसला, आत शिरला, उतरला आणि सवयीने फाटक ओढून घट्ट लावलं. तेवढंच लक्षात ठेवा.

सहा मैल चढण. मग बर्फ आलं! पाकळ्या कसल्या, एकेक तुकडा न्याहारीच्या पॅनकेकएवढा! वाऱ्याने रॉयसची टोपी उडवली ती शेजारच्या काउंटीत गेली, आणि तिथल्या शेरीफने ती टपालाने परत पाठवली. माझ्याकडे पाकीट आहे, हवं तर दाखवीन.

दहाव्या मैलावर ओढा. ओढ्यात तोंड खुपसून पिकअप उभी. काचेमागे पांढरं डोकं.

"काका!"

डोकं हलत नव्हतं. रॉयस पाण्यात उतरला. गुडघा. मांडी. दार उघडेना. त्याने कोपराने काच फोडली, काकांना काखेत धरून ओढलं, एक पाऊल मागे टाकलं आणि खालचा दगड निसटला. कडाड्! घोटा गेला!

"अरे, काय मोडलं?" काकांनी डोळे उघडून विचारलं.

"काही नाही. फांदी."

"फांदी अशी शिव्या देते?"

एकाला पाय नाही, दुसऱ्याला थंडीने जीभ वळेना. वीस पावलांची चढण त्यांनी एकमेकांना धरून अर्ध्या तासात पार केली आणि गस्तीच्या गाडीत कोसळले. रॉयसने काकांचे ओले कपडे काढले, त्यांना घोंगडीत गुंडाळलं, हीटर लावला. हळूहळू त्यांच्या ओठांना रंग आला, तेव्हा रॉयसने पहिल्यांदा स्वतःच्या घोट्याकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली.

"इथे मरायला आलात का?" तो ओरडला.

काकांनी मागच्या सीटवर बोट दाखवलं. पाण्यातही त्यांनी ते सोडलं नव्हतं: हातभर लांबीचं पांढऱ्या सालीचं फळकुट. अस्पेनच्या झाडाचं. त्यावर चाकूने कोरलेलं, काळं पडलेलं एक नाव. शाबिएर, १९६३.

"माझा भाऊ. उन्हाळ्यात मेंढरं घेऊन वर असायचा, महिनोन् महिने एकटा. झाडांवर नावं कोरायचा. झाड परवाच्या वाऱ्यात पडलं म्हणून ऐकलं. म्हटलं, कुजायच्या आत घेऊन येऊ." ते थांबले. "फाटक लावता आलं नाही रे, रॉयस. कडं ओढवेना. तीनदा प्रयत्न केला. कोणाला सांगू नकोस."

त्यांच्या तळहातांवर तारेचे लाल ओरखडे होते. रॉयसने घोंगडी त्यांच्या हातांवर ओढली.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. खोलगटातून बोललेलं बाहेर जात नव्हतं, पण बाहेरचं आत येत होतं. आवाज एका गाढवाचा होता. म्हणजे माझा; लव्हॉनने मला रॉयसच्या शोधाला धाडलं होतं.

"लव्हॉन, मी बकस्किनच्या फाटकाशी आलोय. फाटक बंद आहे. बर्फ कोरं. इथून कोणी वर गेलेलं नाही. मी खालच्या रस्त्याला बघतो."

"वेंडेल! गाढवा!" रॉयसने बटण दाबून दाबून बोट दुखवलं. "मी लावलं फाटक! मीच लावलं!"

मी निघून गेलो. इथे जन्मलेला कोणीही तेच करेल, एवढाच माझा बचाव.

काका घोंगडीतून हसले. "तुझ्या आईने वळण चांगलं लावलं हो."

हसू तिथेच विरलं. मागे बर्फ साचत चाललं होतं, गाडीची धुराची नळी बुजत होती. हीटर चालू ठेवला तर धूर आत येणार. बंद केला तर काका पुन्हा गारठणार. बसून राहणं म्हणजे मरण! आणि गाडी हलेना, मागचं चाक खड्ड्यात जागच्या जागी गरगर फिरत होतं. चाकाखाली काहीतरी घालायला हवं. काहीतरी लांब, रुंद, खरबरीत.

दोघांनीही मागे पाहिलं. दोघांनीही नजर वळवली.

"नाही, काका. ते नाही," रॉयस म्हणाला.

काकांनी फळकुट मांडीवर घेतलं. अंगठा नावावरून एकदा फिरवला. "शाबिएर जन्मभर मला मागून ढकलतच आला. शाळेत ढकललं, बोटीत ढकललं, या देशात ढकललं. आज एकदा आणखी ढकलू दे." आणि घोंगडी पांघरून, उघड्या पायांत रॉयसचे जादा बूट घालून म्हातारा बर्फात उतरला! नाव खाली, उघडं लाकूड वर, असं चाकाखाली सारलं. आत येऊन दार आपटलं.

इंजिन गुरगुरलं. चाक फिरलं. फळकुट कडकडलं. गाडी उसळली, आणि सुटली!

पुढचं कसं सांगू! डावीकडे हजार फूट दरी, समोर पांढरी भिंत. दुसऱ्या वळणावर एक डोंगरी सिंह उबेसाठी बॉनेटवर येऊन बसला. वायपर लावले, तर तोही वायपरबरोबर मान हलवायला लागला, उजवी-डावी, उजवी-डावी! दोन मैल त्याने सोबत केली आणि उतरताना शेपटीने काच पुसून दिली. रस्ता दिसत नव्हता, तर काका डोळे मिटून सांगत होते, "आता मोठा दगड. आता जुनिपरचं झाड. आता डावीकडे, इथे माझी घोडी मेली होती." आणि आपला रॉयस? घोटा कलिंगडाएवढा सुजलेला, पण स्टीअरिंगवरून हात हटला नाही! डाव्या पायाने ब्रेक, डाव्याच पायाने गती, मान खिडकीबाहेर, पापण्यांवर बर्फ! दहा मैल! मी चूक उमगून परत आलो तेव्हा गाडी फाटकाच्या आत उभी होती, तो स्टीअरिंगमागे ताठ बसलेला. आणि काका शेजारच्या सीटवर, घोंगडीत, मांजरासारखे शांत. शेरीफबाई, अशा गरीब माणसापासून काउंटीला कसला धोका आलाय? गाडीला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही! काय रे, रॉयस?

रॉयस खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

कोपऱ्यातली खुर्ची करकरली. बेन्यातकाका काठी टेकून उभे राहिले.

"टोपी टपालाने आली, ठीक. सिंहाने काच पुसली, तेही ठीक," ते म्हणाले. "पण पुढचं खोटं! साफ खोटं! हा पोरगा पहिल्याच वळणावर बेशुद्ध पडला. फाटकाशी तुझे दिवे दिसले तेव्हा हा शुद्धीवर आला, आणि माझा परवाना जाऊ नये म्हणून त्याच्या हट्टापायी आम्ही जागा बदलल्या. गाडी मी आणली, वेंडेल! दहा मैल! आणि एकाही खांबाला धक्का लावला नाही!"