भिंतीकडे तोंड केलेली पेटी

“पेटीचं तोंड भिंतीकडे का, ते नव्या पोरीला सांगू नको हा. घाबरून माहेरी जायची,” अयूबचाचा ओट्यावर नाझियाला म्हणाले, तेव्हा ती नवी पोर, अलफिया, दाराआड चहा घेऊन उभी होती. माहेरी ती गेली नाही. चहा मात्र गार झाला.

ही नाटे गावातली गोष्ट. सन २००१, तेवीस फेब्रुवारी, शुक्रवार, त्यात अमावस्या. अलफियाचा नवरा जहाजावर, आणि सासू, अम्मी, महिनाभर अंथरुणावर. डॉक्टरला काही सापडत नव्हतं. अम्मी जेवत नव्हत्या, एवढंच.

रात्रीच्या, इशाच्या नमाजानंतर वीज गेली. कंदिलाभोवती अम्मींचे दीर अयूबचाचा, अलफिया आणि नणंद नाझिया.

“सांगाच आता चाचा,” नाझिया म्हणाली. “तिनं ऐकलंय.”

चाचा खाकरले. “माझ्या ओळखीचा एक खलाशी होता. कोरियात पुसान बंदराला जहाज लागलं, तिथं त्यानं जुनी लाकडी पेटी घेतली. झाकण वर नाही. पुढचीच अर्धी फळी खाली पडते. कुलूप पितळेचं, माशासारखं, उघडंच लटकलेलं. चावी नाही. घरी आणली. भावजयीनं त्यात हजहून आणलेलं आपलं कफन ठेवलं, मक्केच्या जमजम विहिरीच्या पाण्यातनं काढलेलं. आणि मग... सकाळी फळी उघडी. कफन जमिनीवर पसरलेलं, माप घ्यावं तसं. रोज. भावजय म्हणाली, मला बोलावणं आलं. जेवण सोडलं तिनं. म्हणून त्यानं पेटी फिरवून ठेवली.”

तो ओळखीचा खलाशी समोरच बसून खिशात विडी चाचपत होता.

“आणली तेव्हा रिकामी होती?” अलफियाने विचारलं.

“तळाला एक जाडंभरडं पिवळट कापड होतं, नीट घडी घातलेलं. पॅकिंगचं असणार. होडीचं इंजीन पुसायला घेतलं मी.” चाचा थांबले. “म्हणजे, त्यानं.”

अलफिया उठली. मागच्या पडवीतून ते तेलकट कापड शोधलं, तीन पाण्यांत धुतलं, तरी डिझेलचा वास राहिलाच, चुलीच्या उबेवर वाळवलं. अम्मींना झोप लागल्यावर त्यांच्या खोलीतल्या पेटीखाली गोणपाट सरकवलं आणि तिचं तोंड खोलीकडे फिरवलं. कापड कफनाशेजारी ठेवलं. तिथंच चटईवर पडून राहिली.

दोन वाजून दहा मिनिटं.

फळी उघडली. आवाज नाही... कुणी हातावर झेलावी तशी.

एक घडी उलगडली. थांबली... परत घातली गेली.

मग दुसरी.

बराच वेळ काहीच नाही...

कुणीतरी श्वास सोडला. अम्मींचा नव्हे.

काळोखातून डिझेलचा वास सरकला. दारापर्यंत गेला. संपला.

सकाळी फळी बंद होती. माशाचं कुलूप लागलेलं. आणि त्यात चावी.

अलफियाने ती फिरवली. आत फक्त अम्मींचं कफन.

चाचा दारात उभे, अम्मी उशीवरून बघत. सून बोलली.

“चाचा, ते पॅकिंग नव्हतं. पेटी जिची, तीही कुणाची तरी अम्मी होती. आपलं कफन आपल्या हातानं घडी करून ठेवलं होतं तिनं. तेच शोधत होती, घेऊन गेली. अम्मी, तुमचं तुमच्यापाशीच आहे. उठा, पेज निवतेय.”