प्रश्नानंतर काळा पडदा

चित्र आहे, आवाज नाही

दो सेरिन पडद्याकडे पाठ करून बसली होती.

सोलमधलं लहानसं थिएटर, दुपारचा खेळ. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर गुडघे टेकून, खुर्चीच्या पाठीवर हनुवटी ठेवून ती मागचे चेहरे बघत होती. तिने स्वतः कापून-जोडून बनवलेला ट्रेलर चालू असला की ती असंच करायची. तिकीट त्यासाठीच काढायची आणि पिक्चर सुरू झाला की निघून जायची.

तिसऱ्या रांगेत एकजण सुकवलेला माकुल मासा फाडून खात होता. ट्रेलरमधल्या बाईने विचारलं, "तुम्ही माझ्या नवऱ्याला ओळखता?" आणि पडदा काळा झाला. माणसाचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. तुकडा तसाच अधांतरी.

सेरिन हसली... आणि त्याने ते पाहिलं.

बाहेर, छत्र्यांच्या स्टँडपाशी, त्याने तिला गाठलं.

"तुम्ही दीड मिनिट माझ्याकडे बघत होतात. माझ्या आईनेही मला इतकं सलग बघितलेलं नाही."

"तुमच्याकडे नाही. हाताकडे."

"मग हाताला काही निरोप द्यायचाय का?"

त्याचं नाव मेंग ग्युजिन. शूटिंगवर आवाज टिपायचं काम करायचा. पिक्चर सोडून बाहेर आलात, असं ती म्हणाली, तेव्हा तो म्हणाला, ट्रेलर इतका चांगला आहे म्हणजे पिक्चर भिकारच असणार. खरं होतं ते. सेरिनने मान्यही करून टाकलं. चांगल्या पिक्चरला तिची गरज कुठे असते?

आवाज आधी, चेहरा नंतर

तोकबोकीच्या, म्हणजे तांदळाच्या झणझणीत वड्यांच्या, एका ताटलीवर तिने त्याला आपल्या सगळ्या चोऱ्या सांगितल्या. दार उघडल्याचा आवाज आधी द्यायचा, दार मागून दाखवायचं. तेवढ्या वेळात माणूस आपणहून पुढे झुकतो. मयताच्या प्रसंगातलं वाक्य उचलून लग्नातल्या चेहऱ्यावर बसवायचं. सगळ्या गोंगाटात एकदम शांतता. आणि प्रश्न आला, की उत्तराआधी कापायचं... नेहमी.

ही सरळ सरळ फसवणूक आहे, असं ग्युजिनचं मत पडलं. पण तो ऐकत राहिला, आणि ताटलीतला शेवटचा तुकडा त्याने गुपचूप तिच्याकडे सरकवला.

तो तिच्याहून लहान निघाला. अहो-जाहो सुटलं. तो तिला 'नूना' म्हणू लागला. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, पण बहिणीला कुणी इतक्या लाडात म्हणत नाही.

भराभर तुकडे

एक छत्री, दोन खांदे, दोन्ही भिजलेले. तिच्या नूडल्स ओढण्याचा आवाज टिपताना तो, "नूना, पुरावा राहू दे." त्याच्या कोटाच्या खिशात तिचा हात. नदीकाठचा वारा. तिच्या स्वयंपाकघरात शिरलेलं गल्लीतलं मांजर. पुलावर, बस येताना दिसत असूनही, कुणीच न धावणं...

असं वर्ष गेलं.

प्रश्न

दक्षिण किनाऱ्यावर तोंगयॉन्गला ग्युजिनच्या वडिलांची कालवांची शेती होती, समुद्रात दोर सोडून केलेली. वडिलांची पाठ गेली. मेव्हणा काम घ्यायला तयार होता, पण घर ग्युजिनची वाट बघत होतं. चुसोकच्या सणाला सगळे जमतील, तेव्हा त्याला काय ते सांगायचं होतं.

"मी थांबू का, नूना?" त्याने विचारलं. "तू म्हणालीस तर थांबतो."

हो— तिच्या जिभेवर होतं. अगदी टोकावर. तिने त्याच्याकडे पाहिलं, हसली, आणि कॉफीचा कप उचलला.

उत्तर मिळालं की लोक घरी जातात, हे तिच्या हाडामासात भिनलं होतं. तिला वाटलं, तो पुढे झुकेल.

तो मागे टेकून बसला.

दुसऱ्या चेहऱ्यावरचं वाक्य

मग तिने तिला जमत होतं ते केलं. वर्षभरात फोनवर टिपलेल्या तुकड्यांतून दोघांचा एक ट्रेलर कापला. छत्री, नूडल्स, पूल. शेवटी नदीकाठी तिचा चेहरा आणि तिचाच आवाज: "जाऊ नकोस ना... इथेच राहा." काळा पडदा. तिने तो त्याला पाठवला. आजवरचं सगळ्यात चांगलं काम होतं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या कामाच्या खोलीत आला. तिचे हेडफोन लावून त्याने ते पुन्हा ऐकलं, डोळे मिटून.

"सुंदर कापलंयस."

"मग?"

"चेहरा नदीवरचा आहे. त्या दिवशी वारा होता, मी शेजारीच होतो. ह्या वाक्यामागे वारा नाही, नूना. फ्रिज घरघरतोय."

सेरिनने समोरची स्क्रीन बंद केली.

"हे तू मांजराला म्हणाली होतीस. दारातून पळत होतं तेव्हा."

"अर्थ तोच आहे ना?"

"मांजर थांबलं होतं," तो म्हणाला. "त्याला तू स्वतः सांगितलं होतंस."

त्याने हेडफोन काढले. खुर्ची तिच्यासमोर ओढून बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ.

"आता म्हण. वाक्य कसंही आलं तरी चालेल. मी इथेच आहे."

खोली शांत झाली. आणि सेरिनला — हेच तिला पुढे कितीतरी रात्री छळणार होतं — ती शांतता आवडली. किती भरलेली होती! अजून एक क्षण, तिला वाटलं, अजून थोडी ताणू दे, मग म्हणते...

ग्युजिन उठला. हेडफोनची वायर त्याने नीट गुंडाळली, खुंटीला अडकवली आणि बाहेर जाऊन दार हळूच लावून घेतलं.

शेवट

चुसोकनंतर ती त्याला बसवर सोडायला गेली. उकडलेली अंडी आणि संत्री घेऊन गेली होती, आई देते तशी. तो हसला, पिशवी घेतली. शेती आता मीच बघणार, मेव्हण्याला नाही म्हणून कळवलंय, असं त्याने सांगितलं. त्याने पुन्हा काही विचारलं नाही.

"पोहोचलास की कळव," सेरिन म्हणाली. एवढंच म्हणाली.

"कळवतो."

संध्याकाळी फोन वाजला. *पोहोचलो.*

ती बाजारातून घरी चालली होती. तिथेच, मासळीवाल्यांच्या दुकानांपुढे उभी राहून तिने लिहिलं: *सांभाळून राहा. माझं चुकलं. मला तू हवा आहेस. मी येऊ का तिकडे?*

वाचून पाहिलं. शेवट जड वाटला. तिने 'मी येऊ का' काढलं. मग 'मला तू हवा आहेस' उघडं पडलं, तेही काढलं. 'माझं चुकलं' एकटंच रडकं दिसायला लागलं.

*सांभाळून राहा.*

नेटकं होतं. तिने पाठवलं.

*तूही,* लगेच उत्तर आलं.

पुढे अजून काही येईल म्हणून ती तिथेच उभी राहिली. दुकानदारांनी बर्फ आवरला, पाण्याने रस्ता धुतला, "बाई, जरा बाजूला," म्हणत एकाने शटर ओढलं... आणि ती बाजूला झाली.