परकळ

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा: खांदा तुमचा दुखतोय, पण ओरडतंय दुसरंच कुणीतरी. तुमची नातवंडं शाळेत जातील त्या काळातली ही गोष्ट.

रंगनाथ वडके सत्तरीचे तांबट. तांब्याच्या घंगाळ्यावर दिवसभर हातोडी चालवायचे. उजवा खांदा नारळाएवढा सुजला होता, हलवला की कटकट वाजायचा, पण दुखायचा मुळीच नाही. हे आपलं बळ, असं ते सगळ्यांना ऐकवत.

"आजोबा, हे बळ नाही, आजार आहे," डॉक्टर मृदुला म्हणाल्या. "तुमच्या पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पाण्याची पोकळी झालीय. खांदा बिचारा तक्रार करतो, पण मेंदूकडे जाणारी तार मध्येच चेपलीय."

"मग बरंच की. घरात तक्रार करणारं एक कमी झालं."

"दुखणं राखणदार असतं. तो नाही म्हणून तुम्ही ठोकत राहता आणि सांध्याचं पीठ होतंय. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत हात वर जाणंच बंद होईल."

त्यांनी दोन पट्ट्या काढल्या. एक खांद्यावर लावायची, दुसरी सोबत्याच्या दंडावर. खांद्याची कळ बिनतारी सोबत्याकडे जायची; तो कळवळला की हातोडी थांबवायची. एकाची कळ दुसऱ्याला, म्हणून तिचं नाव परकळ.

सोबती म्हणून शेजारचे सखाराम करडे आले. दोघांचं चाळीस वर्षं भांडण होतं. पहिल्याच ठोक्याला सखाराम "आई गं" करून उडाले. रंगनाथरावांना इतका हुरूप कधीच आला नव्हता. दोन दिवसांचं काम त्यांनी दुपारपर्यंत उरकलं.

"माणूस निवडताना माझं चुकलं," डॉक्टर म्हणाल्या.

मग नऊ वर्षांची नात रेवा हट्टाने पुढे आली. डॉक्टरांनी तिची पट्टी चिमट्याएवढ्या कळेवर बसवली.

"आजोबा, टोचलं."

हातोडी तिथल्या तिथे खाली. महिन्याभरात सूज उतरली. रंगनाथराव मात्र गालाला हात लावून बसू लागले. घंगाळ्यावरच्या ठोक्यांची शेवटची ओळ राहिली होती, आणि एकाच्या ओळीला दुसऱ्या तांबटाने हात लावायचा नाही, हा तांबट आळीचा रिवाज. प्रत्येकाचा ठोका वेगळा उमटतो.

"एकच ओळ गं," एके दिवशी ते म्हणाले. "टोचलं की सांग, लगेच थांबतो."

त्यांनी ठोका घातला. मग दहा. मग वीस. कितीतरी दिवसांनी ते गुणगुणत होते.

"टोचतंय का?"

रेवाने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका मुठीत दुसरी घट्ट आवळली.

"नाही आजोबा," ती हसून म्हणाली, "ठोका तुम्ही."